तिसऱ्या मजल्यावरचा बँजो

वाजवताना पाय मोडला असता तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. घोटीला एका हळदीचा कार्यक्रम संपवून मी खाली बसून वायर गुंडाळत होतो, उठलो आणि कुणीतरी सांडलेल्या मठ्ठ्यावरून घसरलो. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर. सिडकोतली आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमच्या बँजो पार्टीतल्या चौघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवली आणि प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी माझ्या वजनावर बोललंच. मग ते गेले आणि दार लागलं.

मी बँजो वाजवतो. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आमच्याकडे त्याच्यावरून सगळ्या ताफ्यालाच बँजो पार्टी म्हणतात. ढोल, ताशा, टेम्पोवर स्पीकर आणि सगळ्यांच्या पुढे बँजो. कारखान्यात नोकरीला होतो तेव्हाही ड्यूटी सुटली की मी थेट वरातीत असायचो. जयंतीची मिरवणूक तर कधी चुकवली नाही. आता पार्टी माझा चुलत पुतण्या चालवतो. माझ्या जागी त्याने एक कीबोर्डवाला घेतला.

"सध्यापुरता हाय काका," तो म्हणाला. "तुम्ही आराम करा."

'सध्यापुरता' म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. आमचा आधीचा ताशेवाला कंबर धरली म्हणून सध्यापुरता घरी बसला होता. पुढे तो वरातीच्या कडेला उभा राहून बघायला यायचा आणि आम्ही त्याला मान डोलावून रामराम करायचो. मला तसं कडेला उभं राहायचं नव्हतं. पार्टीतली जागा गेली तर मी म्हणजे नुसता एक पेन्शनवाला, कोपऱ्यावर दूध आणणारा. त्यात आता दूधही बायकोच आणत होती.

दिवस जाता जात नव्हता. हॉलमध्ये पलंग, पलंगासमोर टीव्ही, पलीकडे गॅलरी. गॅलरीच्या जाळीतून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. मी बायकोवर खेकसायचो, ती माझ्यावर खेकसायची. शेवटी तिनेच पुण्याला पोरीला फोन केला असणार, कारण कुरिअरने एक खोकं आलं. आत रेकॉर्डर. पोरगी फोनवर म्हणाली, "पप्पा, यात आठ ट्रॅक आहेत. एकावर बँजो भरा, दुसऱ्यावर ढोल, तिसऱ्यावर ताशा. एकटेच अख्खी पार्टी वाजवा. आईला छळू नका."

खोटं कशाला सांगू, मी हरखलो. डोक्यात लगेच चक्र फिरलं. घरबसल्या असं गाणं करायचं की पुतण्याने ऐकलं पाहिजे आणि त्या कीबोर्डवाल्याला वाटेला लावलं पाहिजे.

पहिल्या दिवशी बँजोची पिन मशीनमध्ये खोचली आणि पूर्ण गाणं जीव ओतून वाजवलं. नंतर ऐकायला गेलो तर शुकशुकाट. ट्रॅकचं बटण आधी दाबून ठेवायचं, त्याचा लाल दिवा लुकलुकला पाहिजे, मगच रेकॉर्डचं दाबायचं, हे पोरीने सांगितलं होतं. मी फक्त रेकॉर्डचं दाबलं होतं. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "छान वाजवलं. मी ऐकलं ना."

दुसऱ्यांदा बँजो नीट भरला गेला. आता ढोल. ढोल कुठून आणणार? मी वैतागून पायाच्या प्लास्टरवर मूठ मारली तर धप्प असा भरीव आवाज आला. मशीनचा माइक मांडीशी ठेवून मी प्लास्टरच बडवायला लागलो. ताशाला स्टीलचं ताट आणि दोन चमचे. पण सगळं एकत्र ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. ढोल एकीकडे, बँजो तिसरीकडे. शिवाय मी हेडफोन न लावता स्पीकर चालू ठेवला होता, त्यामुळे ताशाच्या ट्रॅकमध्ये बँजो पुन्हा शिरला होता आणि दोन बँजो एकमेकांच्या मागे लागले होते.

चूक मशीनची नव्हती. वरातीत मी कधी एका लयीत वाजवतच नाही. नवरदेवाचे मित्र रंगात आले की मी हात उचलतो, म्हातारी माणसं नाचायला आली की सैल सोडतो. ढोलवाले माझ्या हाताकडे बघून वाजवतात, मी नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतो. इथे बघायला पाय माझेच, त्यातला एक प्लास्टरमध्ये. आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे गाणं संपवायचं कसं हेच मला येत नव्हतं. वरातीत गाणं आपण संपवत नाही, नाचणारे दमले की ते संपतं. बंद खोलीत कोणी दमेना. मी आपला तेच कडवं फिरून फिरून वाजवतोय, बोटं भरून आली तरी थांबता येत नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बोटांमुळे नव्हतं.

मग मशीनमधली टिकटिक चालू केली. हेडफोन लावून त्या टिकटिकीच्या तालात वाजवायला शिकलो. सुरुवात चुकू नये म्हणून तोंडाने "एक, दोन, तीन, चार" म्हणायचो, तेही भरलं जायचं. शेवट कुठे करायचा ते आधी ठरवून घेतलं. असं करत करत एक गाणं जमलं. प्लास्टर, ताट, बँजो, सगळं एकमेकांना धरून. मी ते बायकोला ऐकवलं. ती गंभीरपणे म्हणाली, "माझं ताट चेपलंय."

पुतण्या आला तो चेहरा पाडूनच. दुसऱ्या दिवशी आमच्याच कॉलनीतली वरात होती आणि कीबोर्डवाला सटाण्याच्या पार्टीकडे पळाला होता. ऐन लग्नसराईत दुसरा वाजवणारा कुठून मिळणार? मी मनातल्या मनात पेढे वाटले आणि त्याच्या कानाला हेडफोन लावला. त्याचे डोळे चमकले.

"काका, लय भारी! एकट्यानं केलं?" आणि मग लगेच, "हे पेन ड्राइव्हवर द्या ना मला. उद्यापुरतं."

मला वाटलं होतं तो म्हणेल, काका, तुमच्याशिवाय नाय जमत. मी पेन ड्राइव्ह दिला. देताना हसलोही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने माझी खुर्ची गॅलरीत सरकवली. लांबून ढोल ऐकू आला, त्याच्यावर बँजो. माझाच हात, माझी प्रत्येक हरकत मला ओळखू येत होती. वरात आमच्या बिल्डिंगखाली आली. पोरं बेभान नाचत होती, टेम्पोच्या पुढची माझी जागा मोकळी होती आणि ती मोकळी आहे हे कोणाच्याही लक्षात येत नव्हतं. मी खाली चाललो होतो आणि मी वर अडकलो होतो. स्वतःचाच मत्सर वाटण्याची वेळ माणसावर येऊ नये. माझ्यावर आली.

आणि गाणं संपलं. मी ठरवलं होतं तिथेच, बरोबर. पोरांचे हात वरचे वर राहिले. "वाजव रे!" आरडाओरडा सुरू झाला. नुसते ढोल किती वेळ सांभाळणार? मी बँजो मांडीवर ओढला, बायकोला ओरडलो, "पिन लाव, छोटा स्पीकर आण!" पुतण्याने वर बघितलं. आमची नजरानजर झाली. मी बँजो उचलून दाखवला.

तो टेम्पोकडे वळला आणि त्याने बटण दाबलं. स्पीकरमधून माझाच आवाज गल्लीभर घुमला, "एक, दोन, तीन, चार!" पोरांना ते इतकं आवडलं की तीही माझ्याबरोबर आकडे ओरडायला लागली. पुतण्याने वर बघून अंगठा दाखवला. वरात कोपऱ्यावरून वळली. बायको पिन हातात धरून उभी होती. "आत चला," एवढंच म्हणाली.

सकाळी त्याचा फोन. "काका, गाजलं! अजून पाच-सहा गाणी भरून ठेवा. पायाची घाई नाय, निवांत आराम करा."

त्या 'आराम करा'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी 'बरं' म्हणालो. कामाला लागलो. प्लास्टर बडवलं, ताट वाजवलं, बायकोकडून टाळ्या भरून घेतल्या. टिकटिक बंद ठेवली आणि गाण्यांचा शेवटही केला नाही, ढोल-ताशा लांबच लांब वाजू दिला. ढोल-ताशाला धरायला काहीतरी हवं म्हणून हेडफोनमध्ये ऐकण्यापुरता बँजो एका ट्रॅकवर ठेवला होता. पेन ड्राइव्हवर गाणी उतरवायच्या आधी तो ट्रॅक मी बंद करून टाकला. पुतण्याने पाठवलेला माणूस दारातूनच पेन ड्राइव्ह घेऊन गेला.

पुढची वरात पेठ गावाला होती. त्या दिवशी दुपारी, टेम्पो निघायच्या आधी, पुतण्याचा फोन वाजला. मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. बायकोने बँजो पिशवीत भरून दारापाशी ठेवला होता.

"काका, काहीतरी गडबड हाय. ढोल येतोय, ताशा येतोय. तुमचा बँजोच वाजत नाय यात."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. "खुर्ची घेऊन वर या."