विमानवालीचा ब्लाउज आणि रोवणीचा शर्ट

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या त्या गावात एखाद्या बाईच्या अंगावर बरा ब्लाउज दिसला तर तो कोणी शिवला हे विचारावं लागत नाही. धुरपतानं शिवलेला असतो. धुरपता लटारू गुरनुले, वय त्रेचाळीस, शिक्षण आठवी, आणि तोंड असं की कापड देऊन झालं की गिऱ्हाईक लगेच काढता पाय घेतं. ओसरीवर पायमशीन, खिडकीत कात्र्या, आणि खिळ्याला दोरीनं टांगलेली एक जाडजूड वही.

ही वही म्हणजे तिचं सारं शिक्षण. शिवणवर्गाला ती कधी गेली नाही. लग्नानंतर सासूनं आपलं जुनं मशीन दिलं. पहिल्या महिन्यात सुया मोडल्या, दुसऱ्या महिन्यात सरळ शिलाई जमली, आणि पुढचं सगळं नट्यांनी शिकवलं. किराण्याची पुडी सिनेमाच्या पुरवणीत बांधून आली की साखर परातीत आणि कागद वहीत. भाताच्या खळीनं चिकटवायचा, वर पाटा ठेवायचा. नटीचं नाव तिला ठाऊक नसायचं आणि त्यावाचून काही अडायचंही नाही. नावं तीच ठेवायची. बर्फात मफलर बांधून उभी ती गारठ्यावाली. परदेशातल्या कुठल्या राजघराण्यातली, डोक्यावर टोपी आणि खोल गळ्याची ती टोपीवाली. काळ्या-पांढऱ्या फोटोतली, बंद गळ्याची आणि कोपरापर्यंत बाह्यांची ती जुनी बाई. आणि साऱ्यांत लाडकी विमानवाली. विमानतळातून बाहेर येताना कोणीतरी तिचा फोटो काढलेला. साडी साधी सुती, पण वर शर्टासारखा पांढरा ब्लाउज, उभी कॉलर, लांब बाह्या, मनगटाला कफ. चालते अशी, की विमान तिच्याच घरचं असावं.

गावातल्या बायकाही आता तीच भाषा बोलायच्या. "धुरपता, मले जुन्या बाईचा गळा पायजे." मग धुरपता तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहायची. "जुन्या बाईची मान पाह्यली का? बगळ्यावानी हाय. तुझी मान आखूड. बंद गळा घालशीन तर डोस्कं खांद्यावर ठेवल्यावानी दिसन. टोपीवालीचा खोल गळा घे, बाह्या जुन्या बाईच्या घे." बाई कुरकुरायची. धुरपता ऐकेल तर शपथ. "नटीची नक्कल नाई कराची. तिच्यातलं आपल्याले जमते तेवढं उचलाचं." आणि खरं सांगायचं तर ब्लाउज अंगात घातल्यावर बाई गुपचूप मान्य करायची.

आता माप घ्यायची रीत सांगायला हवी, कारण घोळ तिथंच झाला. धुरपताकडे टेप होती, पण ती कापड मोजायला. तिची ओसरी रस्त्यावर. येणारा-जाणारा थांबून तंबाखू मळतो, मग कोणती बाई हात पसरून माप द्यायला उभी राहणार? म्हणून मापाचा ब्लाउज आणायचा. अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज द्यायचा, त्यावरून ती नवा बेतायची. यात एकच भानगड. बायका सांभाळून ठेवलेला, चांगल्यातला ब्लाउज मापाला द्यायच्या, आणि तो असायचा सात-आठ वर्षांपूर्वीचा. दरम्यान दोन लेकरं झालेली. अशा बाईला धुरपता सगळ्या गल्लीसमोर झाडायची. "हा ब्लाउज तुया लग्नातला हाय. तू अजून नवरी हायस का? काल घातला होता तो आण." गावातल्या अर्ध्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती, पण तरी ती मापाचा ब्लाउज मागायचीच.

ती स्वतः काय घालायची? दुसऱ्यांच्या कापडातून उरलेले तुकडे जोडून शिवलेला गोल गळ्याचा ब्लाउज. पुढून एक रंग, पाठीला दुसरा. पदर घेतला की कोण पाहतो, असं म्हणायची. आणि रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, वरून शर्ट. धानपट्ट्यात हे काही नवं नाही. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायला चिखलभरल्या बांधीत उतरायचं तर साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायचा, म्हणजे ऊन लागत नाही, धानाचं पातं हाताला कापत नाही. लटारू मूलच्या राइस मिलमध्ये कामाला, त्याचा आकाशी शर्ट तिनं घेतला होता. पण धुरपताच ती, तसाच कसा घालणार? पहिल्या वर्षी तिनं खांदे आत घेतले. दुसऱ्या वर्षी वाकताना ओढ बसते म्हणून दोन्ही बाजूंना चिरा दिल्या. मग मान भाजते म्हणून कॉलर उभी केली, बाहीत चिखल शिरतो म्हणून कफाला हूक लावले. सोबत रोवणी करणाऱ्या टोळीतल्या बायकांनी पाहिलं आणि आपापल्या नवऱ्यांचे शर्ट तिच्या ओसरीवर आणून टाकले. तिनं तेही करून दिले. हे शिवण आहे असं तिला वाटलंच नाही. शिवण म्हणजे वहीतलं.

यंदा रोवणी अर्धी झाली आणि तिचे गुडघे सुजले. बांधीतून बाहेर यायला दोघींनी धरावं लागलं. डॉक्टरनं सांगितलं, पुढच्या वर्षी चिखलात उभं राहायचं नाही. गावातल्या ब्लाउजांवर बारा महिने घर चालत नाही हे तिला माहीत होतं. नेमकं त्याच आठवड्यात आशाबाईनं, म्हणजे बचत गटाच्या अध्यक्षीणबाईनं, खबर आणली. मूलला बायका-पोरींसाठी शिवणवर्ग निघतोय, शिकवायला एक बाई पाहिजे. चंद्रपूरहून मॅडम येणार, तीच निवडणार.

"एक अट हाय," आशाबाई म्हणाली. "सोताच्या हातानं शिवलेलं आंगावर घालून यायचं."

धुरपताला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की दोन दिवस तिनं कोणाला शिवी दिली नाही. लटारू घाबरून म्हणाला, "तब्येत बरी हाय ना वो?" गुडघ्यांचा प्रश्न होताच, पण मनातली गोष्ट वेगळी होती. वीस वर्षं शिवूनही लोकांच्या लेखी ती ब्लाउजवाली. फळ्यापुढे उभं राहून चार जणींना शिकवावं, कोणीतरी मॅडम म्हणावं, हे तिला फार वाटायचं. बोलायची मात्र चोरी.

तिनं वही काढली आणि सरळ विमानवालीचं पान उघडलं. मी होईन तर हीच होईन. कॉलर तीच, कफ तोच, फिटिंग तेच. जमते तेवढंच उचलायचं हे दुसऱ्यांना सांगायला ठीक असतं. मूलहून पांढरं कापड आणलं. मापाला मात्र तुकड्यांचा ब्लाउज घेणं तिला कमीपणाचं वाटलं. तिनं पेटीतून लग्नातला ब्लाउज काढला, मूलच्या जुन्या शिंपी मास्तरनं शिवलेला, तिच्या अख्ख्या आयुष्यातला एकुलता एक नीट ब्लाउज. हो, तोच. जिनं गावभर बायकांना झाडलं, तिनं स्वतःला वीस वर्षांपूर्वीचं माप दिलं, आणि झाडायला तिथं कोणी नव्हतं.

एवढ्यावरही निभावलं असतं. कोणताही शिंपी शिलाईच्या आत थोडं जादा कापड सोडतो. त्याला माया म्हणतात. ब्लाउज घट्ट झाला की तेवढं उसवून वाढवता येतं. पण विमानवालीचा अंगाला कसा चापून बसला होता! मग धुरपतानंही माया कापून टाकली. आणि घालून पाहिला नाही. नव्या कपड्याला हळदीचं बोट लावून तो रात्रभर देवापुढे ठेवायचा, त्याआधी अंगाला लावायचा नाही, ही घरची रीत. शिकवणारी बाई व्हायला निघालेली ती देवाला कशी चुकवणार?

सकाळी हूक लागेनात. वरचे दोन लागले, मधले तीन एकमेकांचं तोंड बघेनात. तिनं श्वास कोंडला, लटारूला बोलावलं. तो दोन्ही हातांनी ओढत म्हणाला, "तू जाडी झाली का वो?" त्यावर त्याला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बस यायला दहा मिनिटं. दुसरा म्हणावा असा तुकड्यांचाच ब्लाउज, आणि तो पाण्यात भिजत पडलेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मधे दोन पिना खुपसल्या, खुंटीवरचा रोवणीचा शर्ट ओढला, वरून चढवला आणि निघाली. पाऊस भुरभुरत होता. पावसात शर्ट घातलेल्या बाईला कोण काय म्हणतं, एवढाच आधार.

मूलच्या समाजमंदिरात आणखी चार बायका बसल्या होत्या. एकीच्या पाठीला दोऱ्या आणि लटकन, एकीच्या बाह्यांवर आरसे. जिच्या-तिच्या अंगावर कोणती ना कोणती नटी धुरपताला ओळखू आली. मॅडमचं नाव रीता, केस कापलेले, बोलणं थोडकं. एकेकीला उभं करून शिलाई उलटून पाहायची, दोन प्रश्न विचारायची, लिहायची. धुरपताची पाळी आली.

"पाऊस थांबलाय. शर्ट काढा. आत काय शिवलंय ते दाखवा."

धुरपता उठली. कॉलरच्या गुंडीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. सोबतीला आलेली आशाबाई मागून खुणा करत होती. बायका पाहत होत्या.

"काढता येत नाई, मॅडम."

"का?"

खोटं बोलायचं तिच्या मनात आलं होतं. पण खोटं बोलायला जी सवय लागते ती तिला नव्हती. "आत हूक लागले नाई. पिना लावल्या हाय. माप माह्या लग्नातलं घेतलं आणि माया नाई सोडली. दुसऱ्या कोण्या बाईनं असं केलं असतं तर मी तिचं कापड फेकून देल्लं असतं."

लटकनवाली खुदकन हसली. रीता मॅडम हसली नाही. ती जवळ आली आणि शर्टाची कॉलर बोटांत धरून पाहू लागली. मग कफ. मग कमरेच्या चिरा, आतून शिलाई. "हा कोणी केला?"

"हे शिवण नोहे. हा रोवणीचा शर्ट हाय. नवऱ्याचा होता."

"कोणी केला, ते विचारलं."

"मीच."

"ही कॉलर कुठून घेतली?"

"उन्हातून," धुरपता वैतागून म्हणाली. "मान जळते वाकल्यावर."

"असे आणखी केलेत?"

उत्तर आशाबाईनं मागून दिलं. "साऱ्या टोळीचे केले, मॅडम. तीस-बत्तीस बायका हाय. सप्पाई शर्ट हिनंच केले."

मॅडमनं काहीतरी लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "तुमचं माप किती?"

धुरपतानं तोंड उघडलं. आशाबाईचं माप तिला येत होतं, आशाबाईच्या तिन्ही सुनांची येत होती, सरपंचबाईचं येत होतं. स्वतःचं येईना. तिनं आठवून पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की आठवायला काही नाहीच. लग्नातलं मास्तरनं आईच्या ब्लाउजावरून बेतलं होतं. त्यानंतर तुकडे.

"ठाऊक नाई," ती म्हणाली. "माहं माप कोणी घेतलंच नाई."

घरी येऊन तिनं पांढरा ब्लाउज पेटीत कोंबला आणि लटारूला सांगितलं की गेली जागा. पाच दिवस तिनं वहीला हात लावला नाही. सहाव्या दिवशी आशाबाई आली, तीही धावत नाही, आपल्या नेहमीच्या चालीनं, आणि म्हणाली की सोमवारपासून दहा वाजता जायचं आहे. धुरपतानं तिला चहा दिला आणि स्वतः आत जाऊन रडून घेतलं.

सोमवारी वर्गात अकरा जणी होत्या. सगळ्यांत पुढे दीपिका, सावली गावाकडची, बारावी झालेली. ती मोबाइलवर एका नटीचा लेहंगा काढूनच बसली होती. "मॅडम, हे शिकवान का?"

मॅडम म्हटलं तिला कोणीतरी. धुरपता क्षणभर मागे वळून पाहणार होती. "शिकवीन. तिच्यातलं तुले काय जमते ते पाहू आधी."

मग तिनं वर्गाचं दार लावून घेतलं, खिडकीवर ओढणी टाकली. पदर कमरेला खोचला आणि पिशवीतली टेप दीपिकाच्या हातात दिली. दोन्ही हात पसरून ती फळ्यापुढे उभी राहिली, त्रेचाळीस वर्षांची, आयुष्यात पहिल्यांदा.

"घे," ती म्हणाली. "घाबरू नको. घट्ट नाई धराचं, एक बोट जावं आतून."

दीपिकानं खांदा मोजला, बाही मोजली, छाती मोजली. प्रत्येक आकडा मोठ्यानं सांगत गेली. धुरपता भिंतीकडे पाहत ऐकत होती.

"मॅडम, झालं. लक्षात ठेवा हं."

"लिहून दे बाई," धुरपता म्हणाली. "दुसऱ्याचं माप माह्या ध्यानात राह्यते. आपलं राहत नाई."