लाहोर टेस्टच्या दिवशीची लड

चाचांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी आमच्या गल्लीतून टेस्ट मॅच बघायला लाहोरला गेलेला एकमेव माणूस म्हणजे चाचाच.

चाचा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. भिवंडीत निजामपुऱ्याच्या मागच्या बाजूला आमची दुमजली चाळ होती. वर आम्ही, खाली चाचा आणि चाची, आणि सगळ्यांत मिळून एक जिना आणि एक गच्ची. चाचा तरुणपणी उत्तरेकडून येऊन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला लागले आणि इथलेच झाले. माझे बाबा वायरमन. चाचांच्या कारखान्यातल्या मोटारी तेच दुरुस्त करायचे. चाचीच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या आणि तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, त्यामुळे दिवसभर तिचे प्रश्न माझ्याकडे. बेटी, कितने बजे? बेटी, ये चिट्ठी में क्या लिखा है? बेटी, लाइट कब आएगी? जणू वीज मंडळ मीच चालवत होते. मी तेव्हा बावीस वर्षांची, कॉलेज संपवून घरी बसलेली, आणि तोंडानं फटकळ. तोंड अजून तसंच आहे.

त्या वर्षी आपला संघ कितीतरी वर्षांनी पाकिस्तानात टेस्ट खेळायला निघाला, आणि मॅचचं तिकीट दाखवलं की तिकडचा व्हिसा मिळतो अशी बातमी पसरली. चाचांची थोरली बहीण लाहोरला होती. तिला शेवटचं पाहिलं तेव्हा चाचांना मिसरूडही फुटलं नव्हतं. एरवी व्हिसासाठी खेटे घालून ते थकले होते, म्हणून क्रिकेट तर क्रिकेट म्हणत त्यांनी अर्ज भरला. धास्ती एकच, साहेबानं खेळातलं काही विचारलं तर? मग मी रोज संध्याकाळी जिन्यावर बसून त्यांची शिकवणी घेतली. फॉलोऑन समजावताना मला घाम फुटायचा.

"पाँच दिन खेल के भी फ़ैसला नहीं होता?" चाचा विचारायचे.

"कभी कभी नहीं होता, चाचा."

"तो खेलते काहे को हैं?"

साहेबानं प्रत्यक्षात काहीच विचारलं नाही. शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. मला तर रागच आला, एवढी मेहनत फुकट गेली म्हणून.

पहिली टेस्ट आपण जिंकलो. संध्याकाळभर गल्लीत फटाके वाजत होते आणि चाचीनं सगळ्यांना शेवया वाटल्या. दुसरी टेस्ट लाहोरला होती. चाचा निघाले तेव्हा त्यांच्या पिशवीत बहिणीसाठी इथल्याच लूमवर विणलेलं कापड होतं. जाताना मला म्हणाले, "चाची का ख़याल रखना, बेटी." मी म्हटलं, "बिलकुल फिकर मत करो, चाचा." हे माझं वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

लाहोर टेस्टचा चौथा दिवस उजाडला तेव्हा चौदा एप्रिलची जयंती सहा दिवसांवर आली होती. बाबा आमच्या जयंती कमिटीचे अध्यक्ष, त्यामुळे निळे झेंडे, पताका, सगळं सामान आमच्याच घरात. पलंगाखाली फटाक्यांचे दोन खोके होते. मागच्या वर्षी भर चौकात आमची लड सादळलेली निघाली, फुस्स होऊन विझली आणि बघे फिदीफिदी हसले. ते हसणं माझ्या डोक्यात बसलं होतं. या वर्षी तर मिरवणूक पहिल्यांदाच मोठ्या बाजारातून जाणार होती. त्या रस्त्यासाठी बाबांनी तीन वर्षं अर्ज केले होते. तिथं लड विझली असती तर मला गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती, असं मला वाटायचं. म्हणून त्या दुपारी मी सगळे फटाके गच्चीवर उन्हात पसरले.

खाली आमच्या घरात टीव्हीवर मॅच चालू होती आणि आपले गडी एकामागून एक हजेरी लावून परत येत होते. मी दातओठ खात बसले होते, तेवढ्यात लाइट गेली. आमच्या भागात हे रोजचंच. लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबतात. एरवी इतकी खटखट असते की जिन्यात बोलायचं तरी ओरडावं लागतं, आणि मग अचानक लांबच्या नळाचं पाणीसुद्धा ऐकू येतं. मॅच हातची जातेय हे मला दिसत होतं, पण संध्याकाळपर्यंत चालेल असं वाटलं. बराच वेळ वाट बघून चिडून उठले, बुद्धाच्या फोटोपुढची पेटती अगरबत्ती घेतली आणि गच्चीवर गेले. म्हटलं, निदान एक लड लावून बघू, वाळलीय का.

लड झकास वाजली. शेवटचा बार होईपर्यंत मी कानावर हात ठेवून एकटीच हसत उभी होते. लूम चालू असते तर ती पलीकडच्या घरातसुद्धा कुणाला ऐकू गेली नसती.

मग खालून आवाज आला, "हरल्यावर फटाके कोण फोडतंय रे?"

कोपऱ्यावरच्या पानटपरीवर बॅटरीचा ट्रान्झिस्टर होता. लाहोरची मॅच त्याच मिनिटाला संपली होती. कठड्यावरून वाकून पाहिलं तर टपरीपुढे पंधरा-वीस माणसं उभी होती. सगळ्यांनी आधी वर पाहिलं. मी झटकन मागे सरले. पुन्हा डोकावले तेव्हा ते चाचीच्या दाराकडे बघत होते.

"हिचा म्हातारा तिकडंच गेलाय ना?" एकजण म्हणाला. "तो तिकडं टाळ्या वाजवतोय, ही हिकडं फटाके लावतेय."

मी तशीच जिना उतरले. चाची दारात उभी होती, ओढणी तोंडाशी धरून. मी तोंड उघडणार तोच बाबा गल्लीतून धावत आले, माझा दंड धरला आणि मला परत वर नेलं.

"चकार शब्द काढू नको," ते म्हणाले. "तीन दिवसांनी पोलीस ठाण्यात मिटिंग हाय. मोठ्या बाजाराची परवानगी अजून हातात न्हाय. कमिटीच्या फटाक्यांनी भानगड झाली म्हटल्यावर साहेब सही करंल का? चौदा तारीख होऊ दे, मंग सांग ज्याला सांगायचं त्याला."

"आणि तोवर चाची?"

"तिला कोन खातंय?"

बाबांनी मला गप्प केलं असं मी पुढं कित्येक वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मी आपणहून गप्प बसले. टपरीपुढचे ते पंधरा-वीस चेहरे मी वरून पाहिले होते. दंगली बघत भिवंडीत वाढलेल्या माणसाला असा घोळका बघून काय आठवतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या चेहऱ्यांसमोर उभं राहून "मी" म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि बाबांनी कारण आयतं हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोलीस आले. चाचीच्या दारात उभे राहून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, मियाँ कुठं गेलाय, कुणाकडं उतरलाय, घरात आणखी कोण होतं. जाताना म्हणाले, परत आला की आधी चौकीत पाठवा, नाव वर कळवावं लागेल. वर म्हणजे कुठं हे त्यांनी सांगितलं नाही आणि चाचीनं विचारलं नाही. त्या दिवशी सार्वजनिक नळावर ती आली तशा दोघी-तिघी बायका हंडे उचलून बाजूला झाल्या. तिच्याच शेवया खाल्लेल्या बायका. मला त्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या, पण कुठल्या तोंडानं?

संध्याकाळी टेलिफोन बूथवर चाचांचा फोन आला. नंबर लावून द्यायला, घ्यायला नेहमी मीच चाचीबरोबर जायचे, तशी गेले. चाची एवढंच म्हणाली, "हाँ जी, सब ख़ैरियत है. आपा को सलाम बोलो." घरी येताना ती म्हणाली, वाघा बॉर्डरवरच त्यांना अडकवलं तर काय करायचं? त्यांना तर नीट बोलताही येत नाही साहेबांपुढं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली.

"बेटी, उस दिन छत पे तू गई थी ना? तूने देखा, कौन था?"

"नहीं चाची," मी म्हटलं. "मैंने नहीं देखा."

"अच्छा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतरचे दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली ऊन लागलं असेल.

मिटिंगला दोन्ही समाजांची वडीलधारी माणसं होती. सणावारांच्या आधी आमच्याकडे अशी बैठक होतेच. बाबांची अर्जाची फाइल सांभाळायला मी गेले होते. तिथं चाचीलाही बोलावून घेतलं होतं. एवढ्या पुरुषांत ती एकटी बाई, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली.

"घर में कौन था?" साहेबानं विचारलं.

"अकेली थी, साहब."

"फिर छत पे कौन था?"

चाचीनं ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "मुझे नहीं मालूम, साहब."

मी उभी राहिले. फाइल मांडीवर आहे हे विसरले, सगळे कागद खाली पडले.

"मी होते, साहेब. लड मी लावली. वाळलीय का ते बघायला."

बाबा खाली वाकून कागद गोळा करू लागले. साहेबानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मॅच हरल्यावर?"

"मॅच संपलीय हे मला माहीतच नव्हतं, लाइट गेली होती. माहीत असतं तर टीव्ही फोडला असता, फटाके नाही."

दोन्हीकडची माणसं हसली. साहेबही हसला, आणि चाचांचं नाव असलेला कागद त्यानं बाजूला सारला. मग बाबांचा अर्ज पुढं ओढून शांतपणे सांगितलं: यंदा जुन्याच रस्त्यानं जा, आणि फटाका एकही नको. बाबांनी अर्जाची घडी घातली, पुन्हा एक घडी घातली आणि खिशात ठेवला.

परतताना बाबा झपाझप पुढं गेले. मी चाचीबरोबर मागं राहिले.

"चाची, माफ करो."

"मुझे तो उसी दिन मालूम था," ती चालता चालता म्हणाली. "सीढ़ी से तू उतरी, हाथ में अगरबत्ती थी."

मला रस्त्यातच थांबावं लागलं. "तो फिर साहब को बताया क्यों नहीं?"

"तुम लोगों का जुलूस था ना." ती थांबली नव्हती, मला धावत तिला गाठावं लागलं. मग तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "पर मैंने तुझसे पूछा था, बेटी."

जयंतीची मिरवणूक जुन्या रस्त्यानं गेली, फटाक्यांशिवाय. कमिटीतले लोक माझ्याशी आखडून होते. चाचीनं दरवर्षीसारखं दारात सरबत ठेवलं आणि मलाही ग्लास दिला. दोन दिवसांनी तिसरी टेस्ट जिंकून आपण दौराच जिंकला, आणि गल्लीत इतके फटाके वाजले की लूम चालू असूनही ऐकू आले. चाचा सुखरूप परतले. वाघा बॉर्डरवर त्यांना कुणी अडवलं नाही. बहिणीबद्दल ते आठवडाभर बोलत होते. मला त्यांनी मॅचच्या तिकिटाचा अर्धा तुकडा आणून दिला. एक दिवस भाच्याबरोबर मैदानात गेले होते म्हणे, तू एवढं शिकवलंस ते वाया का घालवायचं म्हणून.

आम्ही त्या चाळीत आणखी अकरा वर्षं राहिलो. चाचीचा माझ्यावर राग नव्हता. ईदला ताट यायचं, माझ्या लग्नात ती दोन दिवस आमच्या घरी राबली. पण तिनं मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. किती वाजले, चिठ्ठीत काय लिहिलंय, लाइट कधी येणार. मी जिन्यात उभी असले तरी ती माझ्या बाजूनं पुढं जायची आणि टपरीवाल्याला विचारून यायची.