रतांब्यांचं गाणं

अलकाताई खानोलकर इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड्समध्ये क्लार्क होत्या. दर गुरुवारी काम सुटलं की त्या तिथल्याच हॉस्पिटल रेडिओवर बसायच्या. पगार नाही, हौस. वॉर्डावॉर्डांत हिंडून पेशंटांच्या फर्माइशी लिहून घ्यायच्या आणि तळघरातल्या खोलीतून रेकॉर्डी लावायच्या. यजमान शशिधर भूल देणारे डॉक्टर. हे झोपवतात आणि ह्या उठवतात, अशी आमच्या तिथल्या मराठी मंडळात थट्टा चालायची.

१९८३ साली वॉर्डात पडलेल्या, जहाजावरच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्यानं त्यांच्याकडे एक अमेरिकन कंट्री गाणं मागितलं. गाणं साधंच. दूर शहरात कामाला गेलेला मुलगा आईला कळवतो, सफरचंदं पिकतील तेव्हा येईन. कडव्यागणिक वर्ष पुढे सरकतं आणि हा काही जात नाही. टेनेसीतल्या कुण्या सुतारानं ते रचलं होतं. आधी कुणी विचारलं नाही, मग ट्रकवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि बोटीवरच्या लोकांनी देशोदेशी नेलं. आचारी म्हणाला, प्रत्येक बंदरात हे गाणं त्यांच्या भाषेत आहे, फळ तेवढं बदलतं.

झालं, बाईंना नाद लागला. गोदीतल्या खलाशांना सांगून, पत्रं लिहून त्यांनी रेकॉर्डी मिळवल्या. जर्मन गाण्यात प्लम, पोर्तुगीजमध्ये संत्री, वेल्शमध्ये ब्लॅकबेरी. त्या वेल्श रेकॉर्डीसाठी बिचारे डॉक्टर रविवारी ब्रिस्टलपर्यंत गाडी हाकत गेले. सहा वर्षांत अकरा भाषा जमल्या. मराठी नव्हती, तर ती त्यांनी स्वतःच रचली. आंबा जमैकावाल्यांनी आधीच घेतलेला, म्हणून त्यांनी रतांबे घेतले, ज्यांच्या साली वाळवून सोलं म्हणजे आमसुलं करतात ती कोकमाची फळं. माहेर कुडाळचं, परसात रतांब्याची दोन झाडं.

रतांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि इकडे मुलांच्या परीक्षा नेमक्या मे-जूनमध्ये. त्यामुळे अलकाताई माहेरी जायच्या त्या ख्रिसमसच्या सुट्टीत, तेही तीन-चार वर्षांतून एकदा. इकडे आल्यापासूनच्या बारा वर्षांत त्यांनी झाडावर पिकलेला रतांबा पाहिला नव्हता. गाण्यातला तो मुलगा म्हणजे त्याच होत्या, हे न कळायला आम्ही काही दुधखुळ्या नव्हतो.

त्यांची आई सुप्रभाबाई प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या. घरी फोन नव्हता, म्हणून मायलेकींचं बोलणं कॅसेटवर चालायचं. तेव्हा आम्ही सगळ्याच तसं करायचो. एकच कॅसेट पोस्टानं जायची-यायची. आलेलं ऐकायचं, रिवाइंड करायची आणि त्याच्यावरच आपलं भरून परत पाठवायची. कोरी कॅसेट पाठवली की सुप्रभाबाई रागवायच्या, असलेली काय झिजली का म्हणून.

१९८९ च्या शेवटी अलकाताईंनी आपलं गाणं त्या कॅसेटवर म्हणून पाठवलं. फेब्रुवारीत उत्तर आलं. सुप्रभाबाईंनी आधी दोन ठिकाणी मात्रा चुकल्याचं सांगितलं, शिक्षिकाच ती. मग म्हणाल्या, आता माझं ऐक, आणि त्याच चालीवर स्वतः रचलेलं गाणं म्हणाल्या. अलकाताईंनी मला लगेच फोन केला.

“मंजिरी, अगं अकराच्या अकरा व्हर्जन्समध्ये आई गप्प आहे. नुसती वाट बघते. And now आई बोलली गं. ती म्हणते, रतांबे पिकले, मी सोलं वाळवून बरणीत भरलीत, ती वर्षानुवर्षं टिकतात. तू सावकाश ये.”

त्या आनंदाच्या भरात त्यांनी नेहमीसारखी कॅसेट रिवाइंड केली, त्यावरच उत्तर भरलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकली. आठवड्यात कुडाळहून तार आली. सुप्रभाबाई हार्ट अटॅकनं गेल्या होत्या. अलकाताई दिवसांना पोचल्या तेव्हा भावानं, विनयनं, पाकीट तसंच बंद त्यांच्या हातात दिलं. आई गेल्यावर दोन दिवसांनी ते आलं होतं.

आपण आईचं गाणं आपल्या हातानं पुसलं, हे त्यांना तेव्हा उमगलं. पहिली ओळ आठवत होती, ‘रतांबे पिकले, सोलं मी वाळवली’. पुढचे शब्द काही केल्या येईनात. पाच वर्षं त्या जुळवाजुळव करत राहिल्या. मी काही सुचवलं की म्हणायच्या, हे आईचं नव्हे. आईचं गाणं ऐकलं त्या दिवशी डॉक्टर खोलीतच होते, पण पेपर वाचत होते. त्याबद्दल त्यांनी जेवढं ऐकून घेतलं तेवढं कुठल्या नवऱ्याच्या वाट्याला येऊ नये. कॅसेट मात्र अलकाताईंनी कधी लावली नाही. त्यावर माझीच बडबड आहे, ऐकून काय करू, म्हणायच्या.

१९९५ च्या मार्चमध्ये एका दुपारी मी चहाला गेले होते. पुन्हा तेच सुरू झालं. मी मुळात तोंडाळ, त्यात त्यांची दया येऊन येऊन थकलेले. कपाटातून कॅसेट काढली आणि सरळ टेपरेकॉर्डरमध्ये घातली. त्या नको नको म्हणत राहिल्या, पण उठल्या नाहीत.

अलकाताईंचा पाच वर्षांपूर्वीचा आवाज लागला. गाणं फार आवडलं, नवा कुकर घेतला, कौन्सिलला पार्किंगबद्दल पत्र लिहिलं, पुढच्या मेमध्ये नक्की येते. मग खट्ट झालं. त्यांचं बोलणं तिथं संपलं होतं, कॅसेट उरली होती. आणि त्या उरलेल्या फितीवर सुप्रभाबाई बोलत होत्या. त्या दिवशी गाणं संपताच अलकाताईंनी टेप थांबवला होता; गाण्याच्या पुढंही काही असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“...आणि हे जपून ठेवत बसू नकोस हो अलका. याच्यावरच तुझं भरून पाठव, मला तुझा आवाज हवा आहे. माझं काय, तू आलीस की मी परत म्हणेन.”

अलकाताईंनी माझा हात घट्ट धरला होता. फीत संपेपर्यंत तो त्यांनी सोडला नाही.