फाटकवाल्याचं घर

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दिवसभर लोकांचे दात बनवतात. दवाखान्यामागच्या खोलीत बसून मेणाच्या कवळीवर एकेक दात बसवायचा, काढायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. एवढं केल्यावर माणसाचे डोळे थकायला हवेत. यांचे थकत नाहीत. घरी येऊन चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच चिमटा, पातं आणि गोंद घेऊन स्वारी गॅलरीत. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणतात, "गाव पाडतोय."

त्यांचा खेळच तसा आहे. टेबलावर बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि टेपने अंतर मोजून एकमेकांवर चालून जायचं. दर शनिवारी चार टकलू माणसं टेबलावर वाकून असं महायुद्ध करतात. लढाईला पडकी गावं लागतात. ती भाऊजी करतात, खेळण्यातल्या रेल्वेच्या इमारतींमधून. जुन्या बाजारात एखादं स्टेशन, मालाची शेड किंवा सिग्नलची केबिन दिसली की त्यांचे हात शिवशिवायला लागतात. अडचण एवढीच, की रेल्वेवाल्यांचं माप लहान आणि सैनिकांचं मोठं. स्टेशनात शिरायचं तर सैनिकाला रांगावं लागेल. म्हणून भाऊजी आधी दार कापून मोठं करतात, खाली चौथरा घालतात आणि मग सावकाश छप्पर उडवतात. "दार खरं वाटलं की बाकीचं खोटं खपून जातं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य आम्हाला तोंडपाठ झालंय.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, पण एक अख्खी खोली व्यापणारी त्यांची खेळण्यातली रेल्वे माझ्या घरात मावणार नव्हती. त्यांनी ती स्वतःच्या हाताने सुटी केली. इमारती खोक्यांत भरून ताईकडे पाठवल्या आणि भाऊजींना फोनवर बजावलं, "वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सगळं तुमचं, जावईबापू. टॉवेलात आहे ते माझं. सवडीने आणून द्या, उशाशी ठेवीन."

टॉवेलात रेल्वेच्या फाटकवाल्याचं घर होतं. बाबांच्या बाकीच्या इमारती कारखान्यातून आलेल्या, प्लास्टिकच्या. हे घर आईने पुठ्ठ्याचं केलं होतं. जन्मभर तिने बाबांच्या गाड्यांची टिंगल केली आणि एका वर्षी पाय प्लास्टरमध्ये असताना, कंटाळून, हे एक घर बांधलं. भिंतीवरची वीट न् वीट तिने पेन्सिलीने काढली होती. तिच्या हातचं आमच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही.

आणि भाऊजींनी काय केलं? खोकी आली त्याच संध्याकाळी लहान पोरासारखं सगळं एकदम उघडलं, गॅलरीत ओळीने मांडलं आणि एका दमात काळ्या रंगाचा फवारा मारला. या खेळात कामाची सुरुवात अशीच होते. आधी सगळं काळं करायचं, म्हणजे वरचा रंग नीट धरतो. त्या काळ्यात टॉवेल कुठला आणि वर्तमानपत्र कुठलं!

आठवड्याने ताईचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता ये. बाबांना काही बोलू नकोस."

मी पोचले तेव्हा घर टेबलावर होतं. अर्धं छप्पर गायब, वासे जळलेले, भिंतीला भगदाड, त्यातून बंदूक रोखलेला सैनिक, अंगणात विटामातीचा ढीग. दार ऐसपैस मोठं झालेलं. खरं सांगते, फार सुंदर झालं होतं. त्यामुळेच माझा संताप आणखी वाढला. भाऊजी मान खाली घालून पातं पुसत होते.

"फळी कोसळली म्हणून सांगायचं," ताई म्हणाली. "यांनी मुद्दाम केलेलं नाही. आई गेल्यापासून बाबा कसेबसे सावरलेत. त्यांना कळलं तर यांचं तोंड बघणार नाहीत ते."

"फळी कोसळली तर दार मोठं कसं झालं गं?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात बाबा. मी घाईघाईने निघाले ते पाहून कोणाला तरी बरं नाही असं बाबांना वाटलं होतं. ते मागच्याच बसने आले होते.

ताईने टेबलावर चादर टाकली. बाबांनी आम्हा तिघांचे चेहरे पाहिले, काही न विचारता चादर उचलली आणि खुर्ची ओढून बसले. मग घर डोळ्यांजवळ धरलं.

"बाबा, ती वरची फळी..." ताईने सुरुवात केली.

"थांब." बाबांचं बोट मोठ्या केलेल्या दाराच्या कडेवरून फिरत होतं. "जावईबापू, प्लास्टिक पात्याने कापलं की कडकन तुटतं. पुठ्ठा आवाज करत नाही. दार कापताना तुम्हाला कळलं नाही?"

"अहो बाबा, यांना कसं कळणार? सगळं काळं होतं," ताई मध्ये पडली.

भाऊजींनी मान वर केली. हो म्हणाले असते तर सुटले असते.

"कळलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच कापाला कळलं. हे आईंचं घर आहे, हेही कळलं. तेव्हा फक्त दाराची एक कड गेली होती. पण पुठ्ठा फार छान कापला जात होता, बाबा. प्लास्टिकची भिंत अशी कधी पडत नाही. मी थांबलो नाही."

ताईचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. इतका वेळ ती या माणसाची बाजू घेऊन भांडत होती.

बाबा आता ओरडणार, उठून जाणार, असं वाटत असतानाच त्यांनी घर वळवून भगदाडातून आत पाहिलं. "वासे कशाचे केलेत?" त्यांनी विचारलं.

"काडेपेटीच्या काड्या. जाळून."

"हं." बाबांनी मान डोलावली. "मीही थांबलो नसतो."

भाऊजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं, आणि मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

ताई पुढे आली. तिने तो सैनिक भगदाडातून उपटून टेबलावर ठेवला आणि घर दोन्ही हातांनी उचललं.

"तुम्ही दोघांनी एकमेकांना माफ करून टाकलंत," ती म्हणाली. "पण हे तुमच्यापैकी कोणी बांधलं होतं का?"

ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. बाबांनी तिला हाक मारली, मग भाऊजींनी मारली. मी दारापाशी जाऊन उभी राहिले, पण हाक मारली नाही.