दोन मिनिटं आडवं

चौदा खोल्यांच्या त्या लॉजला मालक होते, पण कारभार काकूंचा होता. हे मालकांनाही मान्य होतं, आणि नसतं तरी काकूंनी त्यांना विचारायचं मनावर घेतलं नसतं. मालक त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी तेही त्यांना काकूच म्हणत. बावीस वर्षं खोल्यांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. चादरी, टॉवेल, साबण, बाथरूम, कोणत्या खोलीतलं कपाट उघडताना खालून पायाने दाबावं लागतं, सगळं त्यांच्या डोक्यात. हाताखाली दोघी जणी होत्या. त्यांनी झटकलेली उशी काकू पुन्हा झटकायच्या. दोघी मागे कुरकुरायच्या, पण दुसरीकडे काम मागायला गेल्या की आपण काकूंच्या हाताखाली तयार झालो, हे आधी सांगायच्या.

या काकूंचं एक गुपित होतं. खोली आवरून झाली की त्या दाराला आतून कडी घालायच्या, घरून आणलेली निळ्या रेघांची चादर गादीवर पसरायच्या आणि पाहुणा जिथे झोपतो तिथे, उशीला डोकं न लावता, दोन मिनिटं आडव्या व्हायच्या. आराम म्हणून नाही. आडवं पडल्यावरच कळतं की पडद्याच्या फटीतून उन्हाची तिरीप बरोबर डोळ्यावर येते. छताच्या कोपऱ्यातलं जाळं दिसतं. पंखा किती करकरतो, बाथरूमचा नळ टिपटिपतो का, दिव्याचं बटण पडल्या पडल्या हाताला येतं का, हे उभ्याने हिंडणाऱ्याला जन्मात कळायचं नाही. जे सापडेल ते नीट करायचं, आपली चादर घडी घालून पिशवीत टाकायची आणि मग पाहुण्याची धुतलेली चादर अंथरायची. हा क्रम त्यांनी कधी मोडला नव्हता.

कडी घालण्याचं कारणही साधं होतं. कामाला लागल्या त्याच आठवड्यात मालकांनी बजावलं होतं, की पाहुण्याच्या पलंगावर जो कोणी टेकलेला दिसेल तो त्याच दिवशी घरी जाईल. काकूंना तो नियम पटला होता. म्हणून तर त्यांना स्वतःच्याच कामाची चोरी वाटायची.

मग मालकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांची लेक आली. सगळे तिला ताई म्हणत. सहा वर्षं मोठ्या हॉटेलात काम करून आलेली, हुशार, आणि दुपारी जेवताना सुद्धा फोन उलटा न ठेवणारी. तिने पहिल्याच दिवशी काकूंना जवळ बसवून समजावलं की आता लोक दारात येऊन खोली बघत नाहीत, घरी बसून फोनवर तारे बघतात. समोर काचेचं नवं हॉटेल झालं होतं, त्याचे तारे साडेचार. आपले पावणेचार. चारच्या खाली उतरलं की लोक पुढे वाचतसुद्धा नाहीत.

ताईच्या बऱ्याच गोष्टी काकूंना आवडल्या, तोंडावर मात्र त्यांनी एकदाही तसं म्हटलं नाही. लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांसाठी तिने टेबल आणले आणि प्लगची जागा पलंगामागून वर घेतली. खोलीचे फोटो खोलीइतकेच लहान दिसतील असे काढले, म्हणजे येणारा हिरमुसणार नाही. दारांना कुलपाऐवजी आकड्यांचं यंत्र बसलं. खोली झाली की काकूंनी फोनवर ‘तयार’ दाबायचं, की पाहुण्याला आकडे जातात आणि तो थेट वर येतो. काउंटरवर ताटकळणं नाही. जुन्या कड्या मात्र सुताराने उपटून नेल्या, तेव्हापासून काकू दार नुसतं ओढून घेऊन आडव्या होऊ लागल्या.

खरी पंचाईत पुढेच होती. ताईने वेळ लावून बघितलं. दोघी जणींना एका खोलीला पंचवीस मिनिटं लागत होती आणि काकूंना पस्तीस. वरची दहा मिनिटं कुठे जातात, हे तिने प्रेमाने विचारलं. काकूंनी हातातली उशी पुन्हा झटकली. दोन मिनिटं आडवं आणि आठ मिनिटं सापडलेल्या गोष्टींची दुरुस्ती, हे सांगणार कसं? ताईला वाटलं, वय झालं. तिने आणखी प्रेमाने सुचवलं की महिनाभर बघू, नाही जमलं तर काकूंनी खाली कपड्यांच्या खोलीत बसावं, घड्या घालाव्यात, गुडघ्यांना आराम. काकूंच्या गुडघ्यांनी कधी तक्रार केली नव्हती. घरी जाऊन त्या रडल्या, आणि हे मी इथे लिहिलंय हे त्यांना कळलं तर माझी धडगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी आडवं होणं बंद केलं. पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीस मिनिटं. ताई खूश झाली. पंधरा दिवसांत फोनवर लोकांनी लिहायला सुरुवात केली: पंखा वाजतो, सकाळी डोळ्यावर ऊन, नळ गळतो. मोठं काहीच नाही. तारे मात्र पावणेचारवरून साडेतीनवर आले. ताईने सुताराला झापलं, नळवाल्याला झापलं. काकू ते वाचून घेत आणि त्यांना आपल्याच पाठीत रट्टे बसल्यासारखं होई.

शेवटी एका दुपारी सात नंबरच्या खोलीत त्यांना राहवलं नाही. पण घड्याळाची धास्ती होती. म्हणून त्यांनी खोली पूर्ण केली, पाहुण्याची चादर अंथरली, चोविसाव्या मिनिटाला ‘तयार’ दाबलं आणि मग, त्याच धुतलेल्या चादरीवर, त्या आडव्या झाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा क्रम चुकला. पाहुण्या बाई खाली काउंटरपाशीच बसल्या होत्या. त्यांच्या फोनवर आकडे आले, त्या जिना चढून आल्या, दार उघडलं, आणि पलंगावर काकू, छताकडे टक लावून.

बाई ओरडल्या नाहीत. त्या खाली जाऊन ताईशी हळू आवाजात बोलल्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. ताईने बाईंना दुसरी खोली दिली, माफी मागितली आणि वर आली. काकू चादर काढून उभ्या होत्या.

“काकू, हे तुम्ही? तुम्ही?” एवढंच ती म्हणाली.

काकूंनी मान खाली घातली नाही. त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्या आठवड्यापासून. पिशवीतली निळी चादर काढून दाखवली. ती आपण रोज घरी धुतो, असंही सांगितलं. मग म्हणाल्या, “आज चादर त्या बाईंची होती. ती माझी चूक, तिची शिक्षा दे. आडवं पडण्याची देऊ नकोस, ताई. ते माझं काम आहे.”

ताईच्या चेहऱ्यावरून काही कळेना. काकूंनी निळी चादर गादीवर पसरली.

“तू पड बघू इथे.”

ताई पडली. आधी अवघडून, मग सैल होऊन. खोलीत आवाज नव्हता, म्हणजे होता: पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक ‘टक’. पडदा दोन बोटं अपुरा, त्यातून ऊन तिच्या डाव्या डोळ्यावर. तिने दिव्यासाठी हात लांबवला, तर तिने हौसेने बसवलेलं नवं बटण वीतभर दूर राहिलं. ती दोन मिनिटं नाही, चांगली दहा मिनिटं पडून राहिली. उठली तेव्हा तिने फक्त विचारलं, की बाकीच्या तेरा खोल्यांत काय काय आहे? काकूंनी सांगायला सुरुवात केली आणि ताईने फोन बाजूला ठेवून कागद घेतला.

त्या बाईंनी जाताना तीन तारे दिले आणि लिहिलं: ‘कर्मचारी महिला पलंगावर झोपलेली आढळली. बाकी ठीक.’ हे आता पुसता येणार नव्हतं. येणारा प्रत्येक जण ते वाचणार होता. ताईने त्याखाली उत्तर लिहिलं आणि काउंटरवर, मालकांसमोर, काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं: ‘तुमची चादर वापरली गेली याबद्दल मनापासून क्षमा. त्या आमच्या काकू. त्या झोपल्या नव्हत्या, काम करत होत्या. गेली बावीस वर्षं आमची प्रत्येक खोली तुमच्याआधी त्या अनुभवतात.’

मालकांनी चष्मा काढून पुसला. ‘म्हणजे बावीस वर्षं?’ असं त्यांनी विचारलं. काकूंनी ताईकडून ते आणखी दोनदा वाचून घेतलं. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

तारे पुढे चारच्या वर गेले, पण ते व्हायला सहा महिने लागले. खोलीची वेळ आता पस्तीस मिनिटं आहे. ‘तयार’ शेवटी दाबायचं. दोघी जणींनाही निळ्या रेघांची एकेक चादर मिळाली, आणि ताई त्यांना आडवं कसं पडायचं ते काकूंकडून शिकायला लावते.

काकू मात्र आता दार ओढूनही घेत नाहीत. दाराला बादली लावून ते सताड उघडं ठेवतात आणि खुशाल आडव्या होतात. परवा एक पाहुणा बॅग घेऊन वेळेआधीच दारात येऊन थबकला. पलंगावर आडव्या बाई बघून त्याने दारावरचा खोलीचा नंबर पुन्हा वाचला.

काकू उठल्या नाहीत. छतावरची नजरही त्यांनी काढली नाही.

“दोन मिनिटं थांबा,” त्या म्हणाल्या. “काम चालू आहे.”