वाकलं तरी दिसू नये असं

पिस्तूल निवडायला धुळ्याला गेलो तेव्हा मी मुद्दाम रोजचाच शर्ट घातला होता, अर्ध्या बाह्यांचा, बाहेर सोडलेला. आमच्या घरी पाणी गाळून पितात, दिवेलागणीच्या आत जेवणं उरकतात. त्या घरातला मी, साठीला टेकलेला सराफ, काउंटरवर मांडलेली हत्यारं उचलून बघत होतो. एरवी माझं मलाच हसू आलं असतं, पण त्या दिवशी आलं नाही.

पारोळ्याच्या पुढचा तो रस्ता डोक्यातून जात नव्हता. दागिन्यांचे नमुने घेऊन मी जळगावहून धुळ्याला नेहमी माझ्या गाडीने जातो. एका दुपारी दोन मोटारसायकली मागे लागल्या. एक पुढे येऊन आडवी झाली आणि दुसरीवरच्याने लोखंडी गजाने माझ्या बाजूची काच फोडली. तेवढ्यात मागून एसटी आली म्हणून ते पळाले, नाहीतर माझा कारभार तिथेच आटोपला असता. एसटीच्या कंडक्टरने पाण्याची बाटली दिली.

मग तक्रार, अर्ज, चौकशा, आणि बऱ्याच खेपांनंतर परवाना. आता हत्यार असं हवं होतं की ते कुणाला दिसता कामा नये. सराफाच्या कमरेला पिस्तूल दिसलं की चोराला कळतं, आज माल बरोबर आहे.

दुकानदाराने आधी रिव्हॉल्वर दिलं. भरवशाचं होतं, पण त्याचं गोल पोट शर्टाखाली माझ्या पोटाशी स्पर्धा करायचं. दुसरं पिस्तूल लांब नळीचं निघालं, खुर्चीत बसलो की मांडीत रुतायचं. तिसरं मात्र चपटं, तळहाताएवढं. पँटच्या आत उजवीकडे चामड्याच्या कव्हरात ते चपखल बसलं. आरशात मी होतो तसाच होतो, ढेरीसकट.

"आते पाया पडा, भाऊ," दुकानदार म्हणाला.

"कुणाच्या?"

"मनाच पडा. लगनमा जाशात तं वाकनं पडीच."

तो माझ्याहून निदान दहा वर्षांनी लहान. तरी वाकलो. शर्ट पाठीवर सरकला, कव्हर उघडं पडलं.

"बठ्ठं दखाई राह्यनं," तो म्हणाला.

कव्हर पोटाकडे सरकवलं, पुन्हा वाकलो. थोडं आणखी पुढे घेतलं, पुन्हा वाकलो. शेवटी त्याने मान डोलावली. इतक्यांदा पाया पडूनही त्याने आशीर्वाद काही दिला नाही. मी तेच पिस्तूल घेतलं.

पुढे एका लग्नात सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडलो, पंगतीत मांडी घालून जेवलो, कुणाला संशय आला नाही. घरात फक्त बायकोला माहीत होतं. रस्त्यावर आता आरशात मोटारसायकल दिसली तरी छातीत धडधडत नसे. खरं सांगतो, मला त्या वस्तूचा आधार वाटू लागला होता.

माझी मुलगी धुळ्यात देवपूरला राहते. तिची मुलगी पाच वर्षांची. माझ्या गाडीचा आवाज आला की ती आतून धावत येते आणि डोकं खाली घालून थेट माझ्या पोटावर आदळते. ही तिची जन्मापासूनची पद्धत म्हणायची. दुकानात आम्ही लग्नाचा विचार केला, पंगतीचा केला. हिची आठवण झाली नाही.

पिस्तूल घेतल्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो. दार उघडलं, "नाना!" अशी आरोळी आली आणि ती सुटली. जिथे तिचं कपाळ आपटणार, बरोबर तिथे ते होतं, भरलेलं. माझा उजवा हात आपोआप पुढे गेला. "थांब!" मी ओरडलो. पंजा तिच्या खांद्यावर बसला आणि ती मागे फरशीवर पडली. रडली नाही. माझ्या हाताकडे बघत राहिली.

मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. माझा दुसरा हात पोटावर होता. तो बघून ती पांढरीफटक पडली. "पप्पा, पोटाला काय झालंय? ऑपरेशन केलंत आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

आतल्या खोलीत नेऊन मी तिला शर्ट वर करून दाखवला. ती पलंगावर बसली.

"हे घेऊन या घरात यायचं नाही."

"आणि रस्त्यावर काही झालं तर?"

"मला नाही माहीत, पप्पा," ती म्हणाली आणि रडू लागली. मलाही रडू आलं.

पुढच्या खेपेला पिस्तूल जळगावात तिजोरीत कुलूपबंद ठेवलं. पारोळ्यापर्यंत ठीक होतो. पुढे प्रत्येक मोटारसायकल माझ्याच मागावर आहे असं वाटत राहिलं. एकाने ओव्हरटेक करताना नुसतं वळून पाहिलं, तर माझ्या तोंडचं पाणी पळालं. देवपूरला पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

दार उघडायच्या आतच मी उकिडवा बसलो आणि दोन्ही हात पसरले. ती धावत आली, आणि चपलांच्या स्टँडपाशी थांबली. माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग तिथूनच दोन्ही हात जोडून वाकली.

"जय जिनेंद्र, नाना."

"बघा, किती शहाणी झाली," जावई कौतुकाने म्हणाले.

मी हात पसरून तसाच बसलो होतो. गुडघे दुखायला लागले तेव्हा उठलो.