बाईंची हजेरी

आमची शाळा ज्या बाईंच्या नावाने ओळखली जाते, त्यांचा एकच फोटो आहे. ऑफिसात, चंदनाच्या हाराआड, ओठ घट्ट मिटलेले. परळच्या एका चाळीतल्या खोलीत त्या गिरणी कामगारांच्या मुलींना शिकवायच्या. त्याचीच पुढे शाळा झाली, आणि त्या गेल्यावर शाळेला त्यांचं नाव दिलं. मी तिथे मराठी शिकवते. माझी आई त्या खोलीत बाईंकडे शिकली होती.

बाईंच्या स्मृतिदिनाला मुलं प्रकल्प करतात. पुठ्ठ्याची चाळ, तक्ते, नऊवारी नेसून भाषण. यंदा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, मला बाईंच्या आवाजावर प्रोजेक्ट करायचाय."

"अगं, त्यांचं रेकॉर्डिंग कुठाय?"

"नाहीये ना. म्हणून ज्यांनी ऐकलाय त्यांना विचारू."

आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

आईच्या वर्गातल्या एक आजी लालबागला राहतात, चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमध्ये. त्यांच्याकडे मी मुलीला घेऊन गेले. तिने मोबाइल टीपॉयवर ठेवला तशा आजी लाजल्या. "माका काय आठवतला गो आता!" मग डोळे मिटून ताठ बसल्या आणि वेगळ्याच, जाड आवाजात हजेरी घ्यायला लागल्या. एकेक नाव आडनावासकट पुकारायच्या आणि मग स्वतःच बारीक आवाजात "हजर" म्हणायच्या. मुलगी हसू दाबत होती.

मग आईचं नाव आलं. माहेरचं. लग्नात ते बदललं होतं, आणि मामा गेल्यापासून ते कुणाच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं. आजी थांबल्या. 'हजर' म्हणाल्या नाहीत. डोळे उघडून माझ्याकडे बघत, बाईंच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "आज नाही आली का गं?"

"नाही आली, बाई," मी म्हणाले. कसं कोण जाणे, तसंच तोंडातून आलं.

"उद्या भावाला काखेत घेऊन ये म्हणावं. पण ये."

नंतर आजींनी स्वतःच्या आवाजात सांगितलं. आईची आई गिरणीत जायची, धाकट्या भावाला सांभाळायला आई घरी राहायची, आणि बाई रोज हाच निरोप शेजारच्या मुलीकडे द्यायच्या. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

परतताना मुलीने विचारलं, "टीचर, मध्ये तुमचा आवाज आलाय. कट करू?"

"राहू दे."

स्मृतिदिनाला सभागृहात ते रेकॉर्डिंग लावलं. मुलं आधी खिदळली, मग गप्प झाली. मी मागे दाराशी उभी राहून ऐकत होते. आईच्या नावानंतरच्या त्या शांततेत कुणीतरी 'हजर' म्हणेल असं मला वाटत राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर पाचवीतली एक चिमुरडी माझा पदर ओढत म्हणाली, "टीचर, ती मुलगी मग आली का?"

"आली ना. भावाला घेऊन आली."

"रडला नाही तो वर्गात?"

हे आईला विचारायला हवं होतं.